स्वतंत्र अमेरिकाना आणि रूट्स कलाकारांचे अलीकडचे अल्बम : काय ऐकावे?

पाणंद (धागाकर्ता)

नमस्कार. नॉर्थ कॅरोलायनातील कॅरी येथे राहायला आल्यापासून बॅन्जो, फिडल (व्हायोलिन) आणि अकूस्टिक गिटार यांच्या ‘अमेरिकाना’ किंवा ‘रूट्स’, म्हणजे अमेरिकेच्या लोकपरंपरेतून आलेल्या संगीताची गोडी लागली आहे. डॉक वॉटसन, कार्टर कुटुंब ही जुनी मंडळी बऱ्यापैकी ऐकून झाली आहेत. आता २०२३ नंतर आलेले आणि शक्यतो मोठ्या कंपन्यांच्या छत्राखाली नसलेले काही ऐकायचे आहे. मात्र स्ट्रीमिंगवरील शिफारशी त्याच त्या चार-पाच नावांभोवती घुटमळत राहतात. कान हिंदुस्थानी संगीतावर तयार झालेला असल्यामुळे भरगच्च वाद्यमेळापेक्षा एखादा आवाज आणि एक-दोन वाद्ये एवढाच ऐवज मला अधिक भावतो. जाणकारांनी नावासोबत ते का ऐकावे हेही लिहिले तर उपकार होतील.

मंद्रसप्तक

तुमची आवड पाहता पहिले नाव निःसंकोचपणे सुचवतो : गिलियन वेल्च आणि डेव्हिड रॉलिंग्ज यांचा ‘वुडलंड’ (ऑगस्ट २०२४). २००१ पासून हे दोघे स्वतःच्याच अ‍ॅकनी रेकॉर्ड्सतर्फे अल्बम काढत आले आहेत आणि ईस्ट नॅशव्हिलमधील वुडलंड हा जुना स्टुडिओही त्यांच्याच मालकीचा आहे. मार्च २०२० मधील टोर्नेडो वादळात या स्टुडिओचे छप्पर उडाले, तेव्हा त्यांनी रातोरात मूळ ध्वनिफिती वाचवल्या आणि पुढची काही वर्षे वास्तूच्या दुरुस्तीत घालवली. अल्बमला त्या वास्तूचेच नाव आहे. काही गाण्यांत ड्रम, पेडल स्टील (आडवी ठेवून वाजवायची गिटार) आणि गजाने वाजवायची तंतुवाद्येही आहेत, परंतु खरा जीव दोन आवाजांच्या जवळिकीत आहे. वेल्च मुख्य चाल गातात आणि रॉलिंग्ज तिच्या इतक्या लगत दुसरा स्वर लावतात, की कोणत्या ओळीत कोण पुढे आहे हे काही वेळा कळेनासे होते. रॉलिंग्ज यांच्या हातात १९३५ सालची छोटी एपिफोन ऑलिम्पिक गिटार असते. ती त्या काळी स्वस्तातली मानली जाई, पण तिचा किंचित कोरडा आणि धारदार नाद या संगीताची ओळखच होऊन बसला आहे. या अल्बमला २०२५ मध्ये सर्वोत्तम फोक अल्बमचे ग्रॅमी मिळाले. तरीही पारितोषिकाकडे पाहून नव्हे, तर गिटारकडे लक्ष ठेवून तो ऐकावा असे सुचवेन.

दुसरे नाव जेसन इझबेल यांच्या ‘फॉक्सेस इन द स्नो’चे (मार्च २०२५). न्यू यॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत १९४० सालची एकच मार्टिन गिटार घेऊन त्यांनी तो एकट्याने ध्वनिमुद्रित केला. एरवी त्यांच्यासोबत पूर्ण बँड असतो. येथे आधाराला दुसरे कोणीच नसल्याने शब्दांचे वजन थेट जाणवते.

कातळशिल्प

मंद्रसप्तक यांच्या दोन्ही निवडी उत्तम आहेत, परंतु ग्रॅमी मिळवलेल्या इझबेल यांना आपल्या शिफारशीची फारशी गरज नसावी. ‘स्वतंत्र’ या शब्दाची व्याप्तीही आधी स्पष्ट करायला हवी. इझबेल यांची साऊथईस्टर्न रेकॉर्ड्स ही स्वतःची कंपनी आहे. अशा अनेक कलाकारांच्या वितरणाचे आणि प्रसिद्धीचे काम नॅशव्हिलची थर्टी टायगर्स ही संस्था करते, पण ध्वनिमुद्रणाची मालकी कलाकाराकडेच राहते. माझ्या मते अल्बम किती खपला यापेक्षा मालकी कोणाकडे आहे, हाच कस लावावा.

आता माझी नावे. तुमच्या शेजारच्याच डरॅममध्ये राहणारे जेक झर्क्सीज फसेल यांचा ‘व्हेन आय’म कॉल्ड’ (२०२४, कंपनी फॅट पॉसम) सर्वांत आधी ऐकावा. लोकसंस्कृतीच्या अभ्यासकाच्या घरात वाढलेले फसेल बहुतेक वेळा जुनी लोकगीते आणि विस्मृतीत गेलेल्या रचना निवडतात, आणि एखाद्या गवयाने पारंपरिक बंदिश हाती घेऊन तिची स्वतःच्या स्वभावानुसार बढत करावी तसे त्या गीताची लय सैल करून, बोटांनी छेडलेल्या गिटारवर ते पुन्हा बांधतात. गीत दीडशे वर्षांपूर्वीचे आहे की कालचे, हा प्रश्न ऐकताना पडतच नाही.

मिनेसोटातील डुलुथचे चार्ली पार यांचा ‘लिट्ल सन’ (२०२४) स्मिथसोनियन फोकवेजने काढला. १९४८ मध्ये मोझेस ॲश यांनी सुरू केलेली ही संस्था १९८७ पासून अमेरिकेची राष्ट्रीय संग्रहालये चालवणाऱ्या स्मिथसोनियनकडे आहे आणि आपल्या सूचीतील एकही ध्वनिमुद्रण ती अनुपलब्ध होऊ देत नाही. पार यांची रेझोनेटर (आतल्या धातूच्या शंकूमुळे मोठा नाद देणारी) गिटार तुम्हाला नक्की आवडेल. विली कार्लाइल यांचा ‘क्रिटरलँड’ (२०२४, सिग्नेचर साउंड्स) मात्र थोडा नाटकी आहे. शब्दांकडे लक्ष देणाऱ्यांनीच तो घ्यावा.

ओवी_घरातली

मोठ्या नावांच्या आड गायिका केल्सी वॉल्डन राहून जाऊ नयेत. त्या केंटकीमधील मंकीज आयब्रो या विलक्षण नावाच्या वस्तीतून आल्या आणि त्यांचा ‘एव्हरी घोस्ट’ (२०२५) गायक-गीतकार जॉन प्राइन यांनी १९८१ मध्ये उभ्या केलेल्या ओह बॉय रेकॉर्ड्सने काढला आहे. एप्रिल २०२० मध्ये प्राइन कोविडने गेले. कंपनी त्यांच्या कुटुंबाकडे आहे. त्याच कंपनीचा स्वॉम्प डॉग यांचा ‘ब्लॅकग्रास’ही (२०२४) ऐकावा. आयुष्यभर सोल हा कृष्णवर्णीय गायनप्रकार गाणाऱ्या या कृष्णवर्णीय कलाकाराने वयाच्या ऐंशीनंतर ब्लूग्रासची, म्हणजे बॅन्जो-फिडलच्या जलद अकूस्टिक संगीताची वाद्ये सोबतीला घेतली आहेत.

षड्ज_पंचम

स्लाइड गिटार आवडत असेल, तर अमेरिकी गिटारवादक राय कूडर आणि पंडित विश्वमोहन भट्ट यांचे ‘अ मीटिंग बाय द रिव्हर’ (१९९३) विसरू नये. वॉटर लिली अकूस्टिक्स या छोट्या स्वतंत्र कंपनीने कॅलिफोर्नियातील एका प्रार्थनागृहात ते ध्वनिमुद्रित केले होते.

कातळशिल्प

सुंदरच आहे, पण धागा नव्या अल्बमांचा आहे. तीस वर्षांपूर्वीच्या ध्वनिमुद्रणासाठी वेगळा धागा काढल्यास मीही तिथे लिहीन.

पाणंद (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. फसेल ऐकायला सुरुवात केली आहे आणि ते डरॅमचे आहेत हे वाचून विशेष आनंद झाला. दोन शंका आहेत. नॉर्थ कॅरोलायनाच्या कृष्णवर्णीय बॅन्जो-फिडल परंपरेतले अलीकडचे काही सुचवाल का? आणि कलाकाराला अधिकाधिक पैसे मिळावेत, यासाठी अल्बम कोठून घ्यावा?

मंद्रसप्तक

पहिल्या शंकेचे उत्तर रिअॅनन गिडन्स आणि जस्टिन रॉबिन्सन यांचा ‘व्हॉट डिड द ब्लॅकबर्ड से टू द क्रो’ (एप्रिल २०२५). कातळशिल्प यांचा मालकीचा कस लावला तर तो गळेल, कारण तो काढणारी नॉनसच ही वॉर्नर या बड्या कंपनीची शाखा आहे. तरी एवढा अपवाद करावा. दोघेही कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स या बँडचे संस्थापक सदस्य असून, २०१२ मध्ये निवर्तलेले फिडलवादक जो थॉम्पसन हे त्यांचे गुरू होते. अल्बममधील अठरा रचनांत प्रामुख्याने गिडन्स यांचा बॅन्जो आणि रॉबिन्सन यांचे फिडल आहे. मेबनमधील थॉम्पसन यांच्या घरासह राज्यातील निवडक ठिकाणी, उघड्या आकाशाखाली हे ध्वनिमुद्रण झाले, त्यामुळे पाखरांचे आणि रातकिड्यांसारख्या सिकाडांचे आवाजही त्यात आले आहेत. बॅन्जोचे मूळ आफ्रिकेत आहे हे आपण वाचलेले असते. येथे ते तालात ऐकू येते. मेबन तुमच्यापासून मोटारीने तासाभराच्या आतच आहे.

दुसरी शंका : संगीताची फाइल हवी असल्यास बँडकॅम्प पाहावे. तेथे फ्लॅक (ध्वनीचा दर्जा न घटवणाऱ्या) स्वरूपात उतरवून घेता येते आणि डिजिटल विक्रीतील साधारण १५ टक्के कंपनी ठेवते. ‘बँडकॅम्प फ्रायडे’ जाहीर झालेल्या शुक्रवारी तो वाटाही सोडला जातो. तबकडी हवी असेल तर कलाकाराच्या किंवा त्याच्या छोट्या कंपनीच्या स्वतःच्या दुकानातून मागवावी.

ओवी_घरातली

त्याहून सोपा मार्ग म्हणजे कार्यक्रमानंतर मंचाशेजारच्या टेबलावरून तबकडी विकत घेणे. डॉक वॉटसन यांनी मुलगा मर्ल याच्या स्मरणार्थ १९८८ मध्ये सुरू केलेला मर्लफेस्ट हा संगीतमहोत्सव दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस विल्क्सबरोत भरतो आणि तिथे छोट्या मंचांवर नवे कलाकार अगदी जवळून ऐकता येतात. ब्लूग्रास संघटनेचा मोठा सोहळा मात्र २०२५ पासून नॉर्थ कॅरोलायनातील रॅले शहरातून टेनेसीतील चॅटनूगाला गेला आहे, याची नोंद घ्यावी.