अकरावीला बायो घेतलं की सोडलं? तुमचे अनुभव लिहा

रानजाई
काल रात्री बहिणीचा फोन आला. भाचीचा अकरावीचा फॉर्म भरायचाय, बायो ठेवू की सोडू? मी पटकन "ठेव" म्हटलं आणि मग दोन वाजेपर्यंत झोपच लागली नाही.

१९९६ साल. कॉलेजच्या खिडकीपाशी बाबांच्या हातात फॉर्म, मागे ही लांब रांग. आतल्या काकांनी विचारलं, बायो का इलेक्ट्रॉनिक्स? शेजारच्या दादानं सांगून ठेवलेलं, इलेक्ट्रॉनिक्स २०० मार्कांचं, प्रॅक्टिकलला भरभरून मिळतात, शिवाय दुसरी भाषाही सुटते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली. झालं.

त्याच दिवाळीत आजी आजारी पडली. सतरा दिवस दवाखान्यात तिच्यापाशी मीच. सलाइन संपत आलं की नर्सताईंना हाक मारायची. एका रात्री त्यांनी मला नाडी बघायला शिकवलं. मनगटावर तीन बोटं ठेवायची, दाबायचं नाही, आणि भिंतीवरच्या घड्याळात पुरतं एक मिनिट मोजायचं. घरी आले ती डॉक्टर व्हायचं ठरवूनच. कॉलेजात विचारलं तर म्हणाले आता ग्रुप बदलता येणार नाही. तेव्हा सीईटी, म्हणजे वेगळी प्रवेश परीक्षा, नव्हती, बारावीच्या पीसीबीच्या (फिजिक्स, केमिस्ट्री, बायो) मार्कांवर मेडिकलचे प्रवेश. माझ्याकडे त्यातला बी च नव्हता. पुढे इंजिनियर झाले, सगळं चांगलं आहे. पण त्या खिडकीपाशी अर्धं मिनिटसुद्धा विचार केला नाही, हे आजही लागतं.

तुमचं कसं झालं? लिहा ना.

गोदाकाठ
पीसीएमबी, म्हणजे मॅथ्स आणि बायो धरून चारही. आईचं म्हणणं, दोन्ही दारं उघडी असू देत. सकाळी कॉलेज, दुपारी मॅथ्सचा क्लास, संध्याकाळी बायोचा. दिवाळीपर्यंत दम निघाला. बारावीत मॅथ्स फक्त पास होण्यापुरतं केलं. आता फिजिओथेरपिस्ट आहे. तरी मॅथ्स ठेवल्याचं वाईट वाटत नाही, फिजिक्सची गणितं त्यामुळेच सुटायची. बाकी नंतर लिहिते, कुकर लावलाय.

मांजराकाठ
दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावीच्या पहिल्याच आठवड्यात सरांनी फळ्यावर पेशी काढली आणि एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम म्हणाले. सगळा वर्ग लिहितोय, मी नुसता बघतोय. आकृती ओळखीची, नाव परकं. घरी येऊन शाळेचं जुनं पुस्तक काढलं. तीच आकृती, खाली अंतर्द्रव्यजालिका! तेव्हा जीवात जीव आला.

मग जुन्या कॅलेंडरच्या पानांमागे दोन रकाने आखले. तंतुकणिका, मायटोकॉन्ड्रिया. लयकारिका, लायसोसोम. रिक्तिका, व्हॅक्युओल. पानं गोठ्यात भिंतीला चिकटवली. आईचं शिक्षण चौथीपर्यंत. ती धार काढता काढता डावीकडचं वाचायची, मी उजवीकडचं सांगायचो. चुकलो की ती पुढं जायचीच नाही. आज मी भूलतज्ज्ञ आहे.

नीटचा, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेचा, पेपर मराठीतही मिळतो, पण एमबीबीएसची पुस्तकं इंग्रजीच हाती येतात. म्हणून सांगतो, रकाने दोन्ही ठेवा.

चिऊताई
@मांजराकाठ, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. वाचताना डोळे भरून आले.

आमच्याकडे दादाला बायो होतं आणि प्रॅक्टिकलची झुरळं पकडायचं काम माझं. बरणी आणि टॉर्च घेऊन रात्री मोरीपाशी बसायचं. एक जिवंत झुरळ दोन रुपयांना, त्याच्या मित्रांनाही मीच पुरवायचे. माझी वेळ आली तेव्हा मात्र मेणाचा ट्रे आणि टाचण्या बघून घाम फुटला, मी कॉमर्स घेतलं.

ओसरी
झुरळांवर काही जालीम उपाय आहे का कुणाकडे? नवीन घरात ओट्याखाली फार झालीत.

चिऊताई
बोरिक पावडर, कणीक, थोडी साखर. गोळ्या करून कोपऱ्यात ठेवा. लहान मूल असेल तर नको.

आजी७८
मुलींनो, आम्हाला बेडूक होता. १९७८ ची बारावी माझी. आमच्या घरी कांदासुद्धा चातुर्मासात येत नसे. प्रॅक्टिकलच्या दिवशी मागच्या दाराने यायचं, डोक्यावरून पाणी घ्यायचं, मगच स्वयंपाकघरात पाय. कपड्यांना फॉर्मलिनचा वास राहायचा तो राहायचाच. पण उघडल्यावर आत ते इवलंसं हृदय अजून चालू होतं, ते मी कितीतरी वेळ बघत राहिले. मॅडम म्हणाल्या, घाबरलीस का? मी म्हटलं, नाही, मोजतेय. पुढे लग्न झालं, बीएस्सीवरच थांबले. आताच्या मुलांना प्राणी कापावे लागत नाहीत, हे फार बरं झालं.

हडसनपल्याड
इकडची तऱ्हा सांगते. लेक न्यू जर्सीत प्रीमेड करते. इथे बारावीनंतर थेट मेडिकल नसतं, आधी चार वर्षांची डिग्री, मुख्य विषय कुठलाही चालतो. हिनं इतिहास घेतला. तरी लॅबसकट वर्षभर बायो, जनरल आणि ऑर्गॅनिक केमिस्ट्री, फिजिक्स, बायोकेम हे बहुतेक मेडिकल कॉलेजं मागतातच.

शाळेत एपी बायोला (शाळेतच घेता येणारा कॉलेजच्या पातळीचा कोर्स) पाचपैकी पाच होते म्हणून तिनं पहिल्या वर्षीचं बायो घेतलंच नाही. तिसऱ्या वर्षी कळलं की तिच्या यादीतली काही कॉलेजं एपीचं क्रेडिट धरत नाहीत, काही त्याऐवजी वरच्या पातळीचे बायोचे कोर्स मागतात. मग जेनेटिक्स आणि फिजिऑलॉजी एकाच सेमिस्टरला, त्यात एमकॅटचा, म्हणजे इथल्या मेडिकल प्रवेश परीक्षेचा, अभ्यास. २०१५ पासून त्या परीक्षेत बायोकेमवर जोर आहे, सायकॉलॉजी-सोशिऑलॉजीही आली. रात्री फोन करून रडायची. मला तरी काय कळत होतं, जेवलीस का एवढंच विचारायचे. अर्जात बायो, केमिस्ट्री, फिजिक्स, मॅथ्सचा जीपीए (ग्रेडची सरासरी) वेगळा काढतात, म्हणून हे विषय एकाच सेमिस्टरला कोंबू नका. आणि प्रत्येक कॉलेजचे नियम पहिल्याच वर्षी वाचून ठेवा. आम्ही ते केलं नाही.

ओसरी
मुद्द्याचं विचारते. पुतण्याचं पीसीएम झालंय, बायो नव्हतं. आता डॉक्टरच व्हायचं म्हणतोय. काही वाट आहे का?

मांजराकाठ
आहे. १९९७ च्या नियमांप्रमाणे अकरावी-बारावी दोन वर्षं सलग, प्रॅक्टिकलसह बायो लागायचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सूचना काढली. बारावीनंतर मान्यताप्राप्त बोर्डातून बायो जादा विषय म्हणून पास झालं तरी नीट देता येते. त्या त्या वर्षीचं परीक्षेचं माहितीपत्रक काळजीपूर्वक वाचा. आणि त्याला हेही सांगा, नीटच्या ७२० पैकी ३६० मार्क एकट्या बायोचे आहेत, ९० प्रश्न. जादा विषय म्हणून हलक्यात घेतला तर निभाव लागणार नाही.

रानजाई
हे मला माहीतच नव्हतं. १९९७ ला मी अकरावीतच होते. म्हणजे कॉलेजनं ग्रुप बदलून दिला असता तरी दोन वर्षं कुठून आणणार होते... इतकी वर्षं मला वाटायचं, मीच अजून थोडी मागे लागले असते तर झालं असतं. ओसरी, पुतण्याला आजच सांगा हो. उद्यावर टाकू नका.

ओसरी
सांगितलं, आत्ताच फोन केला. दोन मिनिटं काही बोललाच नाही. मग म्हणाला, काकू, ते माहितीपत्रक पाठव.

आजी७८
रानजाई, नाडी मोजतेस का गं अजून?

रानजाई
हो आजी. सासूबाईंची रोज सकाळी चहाआधी. आज ७६ होती.

गोदाकाठ
आले परत. भाचीचं काय ठरलं मग?

रानजाई
बायो नक्की. मॅथ्सवरून घरात अजून चाललंय. परवा शेवटची तारीख. तू मॅथ्स ठेवलंस ते तिला तूच सांगशील का? फोन करायला लावते.