मदत हवी आहे : केमिकल कंपनीतल्या कामगाराची फुफ्फुसांची तपासणी कुठे करावी?

नमस्कार मंडळी. माझा धाकटा भाऊ बोईसरला, तारापूर एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत रिॲक्टरवर आहे. ॲसिडच्या वाफा, अधूनमधून क्लोरीनचा उग्र वास. ड्युटीवर असला की कोरडा खोकला, रात्री छातीत घरघर. सुट्टी घेऊन गावी आला की चार दिवसांत बराच उतार पडतो. मला हेच जास्त खटकतं.

कंपनीच्या वार्षिक मेडिकलमध्ये वजन, बीपी, रक्त आणि छातीचा एक्स-रे, एवढंच. पण श्वासनळ्या आकसल्या असतील तर ते एक्स-रेत दिसेलच असं नाही, त्यासाठी फुंकायची स्पायरोमेट्री लागते ना? भोपाळनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात ४१-सी कलम आलं, त्यात धोकादायक रसायनांवर काम करणाऱ्यांची कामावर घेण्याआधी आणि नंतर वर्षातून एकदा तरी तपासणी सांगितली होती. रिपोर्ट कामगाराला बघायला मिळायला हवेत, असंही त्यात होतं. भावाला आजवर एकही कागद मिळालेला नाही.

पालघर-ठाणे-मुंबई भागात कामामुळे होणारा दमा ओळखणारे डॉक्टर कुणाला माहीत आहेत का? ईएसआयसीतून स्पायरोमेट्री कशी करून घ्यायची? आणि पीक फ्लो मीटरवर (जोरात फुंकून श्वासाचा वेग मोजायचं छोटं यंत्र) कामाच्या दिवशी व सुट्टीत रीडिंगं कुणी लिहून ठेवली असतील तर ती कशी, किती वेळा घेतली तेही सांगा. नोकरी जाईल म्हणून तो गप्प बसतो, त्यामुळे जरा लवकर कळवा.