पोरांशिवायचं एक टेबल मागितलं तर काय बिघडतं?

(बेळगावकरांची चर्चा; प्रत्येक मजकुरावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

टिळकवाडीची सायकल

गेल्या रविवारची गोष्ट. संध्याकाळी साडेसातला मी आणि नवरा बेळगावात टिळकवाडीतल्या एका हॉटेलात डोसा खायला गेलो. लग्नाचा अकरावा वाढदिवस होता. शेजारच्या टेबलाला टेबल जोडून आठ जणांचं कुटुंब बसलेलं. त्यातलं चारेक वर्षांचं पोरगं पीं-पीं वाजणारे बूट घालून सगळ्या हॉटेलभर पळत होतं. पहिली पाच मिनिटं आम्हीही हसलो. मग वेटर सांबारची बादली घेऊन वळला आणि पोरगं थेट त्याच्या गुडघ्यात. मी दंड धरून त्याला मागं ओढलं. बादली हिंदकळली, पळीभर सांबार माझ्या बाहीवर आलं. पोराला थेंबही लागला नाही. आई धावत आली. मला वाटलं काहीतरी बरं बोलेल. तर म्हणाली, "हात कशाला लावताय त्याला?" आणि नवऱ्याकडं वळून, मला ऐकू जाईल अशा बेतानं, "मुलंबाळं नसली की असंच."

तिला कसं कळलं कोण जाणे. गाव वाढलं खरं, कान तेवढेच राहिले.

तर सांगूनच टाकते. आम्हाला मूल नाही, कारण आम्हाला नको होतं. तपासण्या नाहीत, दोष नाही, दुःखही नाही. सासूबाईंनी सौंदत्तीला यल्लम्माला बोललेला नवस माझ्या माघारी बोललेला आहे, तो फेडायची जबाबदारी त्यांची. बसमध्ये शेजारी बसलेली बाई तिसऱ्या मिनिटाला विचारते, "मक्कळ एष्ट री?" म्हणजे मुलं किती. मी "इल्ल", नाहीत, म्हटलं की माझा हात हातात घेते आणि एखाद्या डॉक्टरचा नाहीतर देवाचा पत्ता देते. कानडी असो की मराठी, या एका प्रश्नावर सीमावाद नाही.

माझं मागणं एवढंच. शहरात एखादं हॉटेल, एखादा वरचा मजला, निदान आठवड्यातले दोन तास फक्त मोठ्यांसाठी असावेत. बाग मागत नाही, किल्ला तलावाचा काठ मागत नाही, बस तर नाहीच. इंडिगोनं 2016 मध्ये विमानातल्या काही रांगा शांत ठेवायच्या म्हणून 12 वर्षांखालच्या मुलांना बंद केल्या होत्या. त्यानं कुणाचं बालपण करपल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

दोन पोरांची आई, अनगोळ

बाही भाजली त्याचं वाईट वाटलं आणि त्या बाईचं बोलणं चुकलंच. खरं तुमच्या मागणीचा अर्थ काय होतो तो सांगते. पोराला बंदी म्हणजे आईला बंदी. बापाला नाही. माझा नवरा शनिवारी मित्रांबरोबर जेवायला जातो तेव्हा त्याला कुणी विचारत नाही पोरं कुठं आहेत. मी एकटी गेले तर पहिला प्रश्न तोच. तुमचा तो वरचा मजला झाला की तिथं बाप बसणार, कॉफी पिणार, आणि आम्ही खाली सांबारच्या बादल्या चुकवत.

आणि मी बाहेर जाते ती चैन म्हणून जाते असं वाटतं का? एकत्र कुटुंब, सात माणसांचा स्वयंपाक. महिन्यातनं एकदा दुसऱ्यानं भाजलेला डोसा गरम खायला मिळतो. त्यातलाही अर्धा पोरगं सांडतं.

शेंडीफळ

पोरांचं जाऊ दे, पन्नाशीतल्या काकांचं काय करायचं? रील्स मोठ्या आवाजात, फोन स्पीकरवर, आणि अख्ख्या हॉटेलाला कळतं की हिंडलग्याच्या प्लॉटचा सौदा कितीला फिसकटला. वयाची अट लावायचीच तर वरच्या बाजूनं पण लावूया की.

बाय द वे, "मुलांना प्रवेश नाही" पाटी लावशील तर कर्नाटकच्या कायद्यानं ती साठ टक्के कन्नडमध्ये लावावी लागेल, ते आधी बघ.

खानापूरचा मास्तर

विनोद पुरे. मी खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेवर आहे. यंदा पहिलीत चार पोरं आली. चार! त्यातलं एक दिवाळीनंतर इंग्रजी शाळेत जाणार हे मला आत्ताच ठाऊक आहे. एकेकाळी याच वर्गात पोरांना बसायला पाट कमी पडायचे. 1956 ला राज्यरचनेत आपण मुंबई राज्यातनं इकडं म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, आलो, तेव्हापासून आजोबा, बाप आणि आम्ही मोर्चे काढले, लाठ्या खाल्ल्या, 2004 पासून सीमेचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. आणि आपली शिकलेली, नोकरीवाली जोडपी म्हणतात मूलच नको. निकाल लागेल तेव्हा मराठी बोलायला उरणार कोण? हे खाजगी आहे असं म्हणून विषय टाळू नका. आपण अल्पसंख्य आहोत, आपलं खाजगीही थोडं सार्वजनिकच असतं.

टिळकवाडीची सायकल

मास्तर, तुमच्याबद्दल आदर ठेवून बोलते. मीही मराठी शाळेतच शिकले, पाट कमी पडायचे त्या काळात. माझ्या वाड्यात आज सतरा पोरं आहेत. सतराच्या सतरा इंग्रजी माध्यमात. त्यांचे आईबाप 1 नोव्हेंबरला, कर्नाटकाच्या राज्योत्सवाला, निषेधाची काळी फीत लावतात आणि 2 नोव्हेंबरला मिस काय म्हणाली ते इंग्रजीत विचारतात. त्यांना तुम्ही कधी असं सुनावलंत? मी अठरावं पोर जन्माला घातलं असतं तर तुमच्या पटावर पाच झाले असते का?

मी दर शुक्रवारी वस्तीवरच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवते, मराठीतनं. मुलं आवडत नाहीत असं कुठंच म्हटलेलं नाही. भाषा टिकवायचं काम माझ्या पोटावर टाकू नका, एवढंच.

पावशेर कुंदा

मास्तरांचा हिशेब तसाही चुकतोय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) कर्नाटकाचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागं सरासरी मुलं, 1.7 निघाला आणि महाराष्ट्राचाही 1.7. लोकसंख्या आहे तिथं राहायला साधारण 2.1 लागतो. म्हणजे सीमेच्या दोन्ही बाजूंना पाळणे सारखेच कमी हलतात. यात मूल नको म्हणणारे मूठभर. बाकीचे "एकच पुरे" वाले, आणि ते सगळे मास्तरांकडं लग्नाची पत्रिका घेऊन येतात.

निपाणीची सून

माझं वय 67. तुम्ही सगळे आकडे बोलायलाय. मी एक साधं विचारते. गुडघे गेल्यावर कोण बघणार? माझी एक नणंद, मूल नव्हतं, नवरा गेल्यावर पुतण्यांनी तिला माजघरातनं पडवीत आणलं आणि पडवीतनं गोठ्याशेजारी. शेवटी औषधाची बाटली कुणी तोंडाला लावली तर तंबाखूच्या वखारीत तिच्याबरोबर काम केलेल्या बाईनं. आज तुम्हाला शांतता हवी वाटते. पुढं शांतताच शांतता असते गं बाई, खायला उठते.

कायद्याचा कीस

काकू, नणंदेचं वाचून वाईट वाटलं. पण 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा नेमका याच माणसांचा विचार करतो. अपत्य नसलेल्या ज्येष्ठाला, त्याची मालमत्ता ज्याच्या ताब्यात आहे किंवा ज्याला वारसानं मिळणार आहे अशा नातेवाइकाकडं निर्वाहखर्च मागता येतो. पडवी घेणाऱ्या पुतण्यांना तो लागू झाला असता.

मूळ प्रश्नावर. घटनेच्या कलम 15(2) मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यांत भेदभाव करायला बंदी आहे, ती धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून. वय त्या यादीत नाही. तेव्हा ती पाटी त्या कलमात अडकत नाही. दक्षिण कोरियात मात्र "नो किड्स झोन" चं पेव फुटलं तेव्हा जेजू बेटावरच्या एका रेस्टॉरंटची तक्रार झाली, आणि 2017 मध्ये तिथल्या मानवी हक्क आयोगानं तो भेदभाव आहे असं म्हटलं. मला आयोगाचं पटतं. त्रास देणाऱ्याला बाहेर काढा, अख्ख्या वयोगटाला नको. पाटी ही वाईट गोष्ट आहे हे तरी बेळगावकरांना सांगायला लागू नये.

टिळकवाडीची सायकल

पाटीचा विषय काढलाच आहे तर ऐका.

गेल्या महिन्यात शेजारच्या वाड्यात बारसं होतं. पाच बायका पाळण्याभोवती, कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. बाळाची कुंची, अंगडं मी शिवलेलं. दुपारपासून घुगऱ्यांना फोडणी घालायलाही मीच होते. पाळण्याजवळ जायची वेळ झाली तशी बाळाच्या आजीनं माझ्या हातात पेढ्यांचं ताट दिलं आणि म्हणाली, "तू जरा बाहेर वाटतेस का?" गोड बोलली. कुणाला वावगं वाटलंही नाही. डोहाळजेवणाला मला बोलावणं येतं ते नवऱ्याच्या नावानं. ओटी भरायच्या रांगेत माझ्यापाशी आलं की कुंकवाचा करंडा पुढं सरकतो.

या सगळ्याला कुठं पाटी आहे? नाही. तरी मला कुठं जायचं नाही ते पाठ आहे. मग आठवड्यातले दोन तास मी पाटी लावून मागितले की तुम्हाला घटना आठवते.

दोन पोरांची आई, अनगोळ

हे वाचून उगी बसावंसं वाटलं. माझ्या धाकट्याच्या बारशाला मी पण असंच केलंय. जावेला. सासूबाई म्हणाल्या आणि मी मान डोलावली. तिला होत नाही आणि तिला हवंय. तुमच्यासारखं नको म्हणून नाही. आता काय, परत बारसं करून तिला आत बोलावता येत नाही.

खरं एक सांगू? तुम्हाला पाळण्यापासून हटवलं त्याचा सूड माझ्या पोरावर का? तो बारशाला नव्हता, म्हणजे होता, खरं झोपला होता.

टिळकवाडीची सायकल

सूड म्हणा हवं तर. दोन तासांचा आहे.

निपाणीची सून

मी पण ताटं बाहेर पाठवलीत. बऱ्याच जणींच्या हातनं. खरं मूल नको म्हणायचं हे नवीनच फॅड आहे, आमच्या वेळी असं तोंडानं बोलायची टाप नव्हती.

पावशेर कुंदा

काकू, नवीन कसलं? र. धों. कर्व्यांनी 1921 मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि त्यांनी व मालतीबाईंनी ठरवून मूल होऊ दिलं नाही. महर्षी कर्व्यांचा मुलगा आणि सून, बरं का. आणि ज्या म्हैसूरला आपण उठताबसता नावं ठेवतो त्या संस्थानानं 1930 मध्ये सरकारी खर्चानं संततिनियमनाचे दवाखाने उघडले. आपण तेव्हा मुंबई इलाख्यात होतो. हे मास्तरांच्या कानावर घालू नका, म्हैसूरचं कौतुक त्यांना सोसायचं नाही.

शांत कोपरा

मी सहसा लिहीत नाही. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, स्वमग्न आहे. हॉटेलात मिक्सर सुरू झाला किंवा कुणी बर्थडे केकवर तो फटाका लावला की तो कान दाबून ओरडतो. सगळी टेबलं वळून बघतात. तुमच्यासारखी माणसं आधी वळतात, हे मी रागानं सांगत नाही, मोजलंय.

शांत जागा या गावात सगळ्यात जास्त माझ्या पोराला हवी आहे. आणि तुमच्या पाटीवर पहिलं नाव त्याचंच असणार. म्हणून वयाची अट नको. आवाजाची घाला. गाणी बंद, फोन बंद, फटाके बंद, पळापळी बंद. तिथं तो दोन तास भात-सार खात बसेल, तुम्हाला कळणारही नाही.

शेंडीफळ

आणि काका आपोआप बाहेर. माझं मत शांत कोपऱ्याला.

कायद्याचा कीस

नाटकाला हे आधीपासून आहेच की. पडदा वर जाण्याआधी सांगतात, मूल रडलं तर बाहेर न्या. मुंबई-पुण्याच्या काही नाट्यगृहांत काचेआड वेगळी खोली असते, आई मूल घेऊन तिथनं नाटक बघते. मुलाला तिकीट नाकारत नाहीत.

दोन पोरांची आई, अनगोळ

काचेआड आईच. बघितलंत?

टिळकवाडीची सायकल

शांत कोपरा, तुमचं वाचून दोनदा उठले आणि दोनदा बसले. तुमची अट मला मान्य आहे. पण थोडी खोट सांगते, म्हणजे खोटं वागल्यासारखं होणार नाही. कागदावर मान्य आहे. मला त्या दोन तासांत मूल दिसायलाही नको असतं. ते ओरडतं म्हणून नव्हे. मूल दिसलं की माझ्याकडं बघणाऱ्यांचे चेहरे बदलतात. टेबलाजवळ एखादं बाळ आलं की शेजारची बाई आधी बाळाकडं बघते, मग माझ्याकडं, मग माझ्या पोटाकडं. यावर तुमच्या यादीत बंदी घालायची सोय नाही, मला माहीत आहे.

तरी आज त्या हॉटेलच्या मालकांना विचारून आले. बाहीचा डाग अजून गेला नाही, म्हणाल्यावर आधी लाजले. वरचा मजला ठरावीक वेळी शांत ठेवता येईल का, विचारलं. म्हणाले, "सोमवारी या की अक्का. सोमवारी वर कुणी काळं कुत्रं फिरकत नाही. पोरांना गृहपाठ असतो आणि आचाऱ्याची सुट्टी असते, डोसा मिळायचा नाही, उप्पीट मिळेल."

शांत कोपरा

उप्पीट चालतं त्याला. सोमवारी किती वाजता?

टिळकवाडीची सायकल

सहा.

खानापूरचा मास्तर

शुक्रवारच्या गोष्टी कुठल्या वस्तीवर वाचता ते कळवा. माझी चार पोरं घेऊन येतो.