अज्ञान (अल्पवयीन) मुलीच्या पासपोर्टसाठी वडिलांची संमती मिळत नाही : सल्ला हवा

धागाकर्ती :
माझा घटस्फोटाचा दावा पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात प्रलंबित आहे. अंतरिम आदेशानुसार अकरा वर्षांच्या मुलीचा ताबा माझ्याकडे असून वडिलांना पहिल्या आणि तिसऱ्या शनिवारी भेटीचा हक्क आहे. शाळेची सहल डिसेंबरमध्ये सिंगापूरला जाणार आहे. मुलीला जायचे आहे, मात्र वडील पासपोर्टच्या संमतिपत्रावर सही करण्यास तयार नाहीत. 'आधी सही, मग भेट' असे त्यांना कळवावे, असे माझे भाऊ म्हणतात. हे योग्य ठरेल का, आणि सहीविना पासपोर्ट मिळण्याचा काही मार्ग आहे का?

सदाशिवपेठी :
भावांचा सल्ला कृपया मानू नका. भेटीचा आदेश न्यायालयाचा आहे आणि तो सहीच्या बदल्यात रोखून धरण्याची वस्तू नाही. एक शनिवार जरी बुडाला, तरी पुढच्या तारखेला समोरचे वकील तोच मुद्दा पहिल्यांदा मांडतील आणि पासपोर्टचा विषय बाजूला पडेल.

वकिली_निवृत्त :
वरील मताशी पूर्ण सहमत. आता कागदपत्रांविषयी. दोन्ही पालकांची संमती असेल तेव्हा ॲनेक्शर डी (पासपोर्टच्या अर्जासोबत जोडायचे प्रतिज्ञापन) भरतात. एका पालकाने संमती दिलेली नसेल तर अर्ज करणाऱ्या पालकाने ॲनेक्शर सी भरायचे असते. हे प्रतिज्ञापन साध्या कागदावर चालते, नोटरीची गरज नाही. मात्र त्यात दावा प्रलंबित असल्याची आणि भेटीच्या आदेशाची माहिती लपवू नका. दुसऱ्या पालकाला भेटीचा हक्क असेल तर कार्यालय बहुधा त्याची संमती किंवा न्यायालयाची परवानगी मागते, म्हणून ॲनेक्शर सीवर विसंबून तारखा वाया घालवण्यापेक्षा हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली त्याच दाव्यात अंतरिम अर्ज आत्ताच दाखल करावा, असे माझे मत आहे. अर्जात दोन मागण्या स्वतंत्र लिहा : वडिलांच्या सहीविना पासपोर्ट काढण्याची परवानगी आणि ठरावीक तारखांना परदेशी नेण्याची परवानगी. पहिली मिळाली म्हणजे दुसरी आपोआप मिळाली, असे समजू नका.

नाशिककर :
पण कायद्याने नैसर्गिक पालक (मुलाच्या वतीने निर्णय घेण्याचा कायदेशीर हक्क असलेले) वडीलच ना? मग त्यांच्या नकाराला काही अर्थच नाही का?

वकिली_निवृत्त :
१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम ६ मध्ये आधी वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई, असा क्रम आहे खरा. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये गीता हरिहरन प्रकरणात या शब्दाचा अर्थ 'वडिलांच्या मृत्यूनंतर' इतकाच घेण्यास नकार दिला आणि मूल प्रत्यक्षात आईच सांभाळत असेल, तर तिच्या पालकत्वाला मार्ग मोकळा केला. त्याच कायद्याच्या कलम १३ नुसार अज्ञानाचे हित सर्वोपरि आहे. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पुण्यातील एका विद्यार्थिनीला जपानच्या अभ्यासदौऱ्यासाठी पासपोर्ट देण्याचा आदेश दिला, तेव्हाही वडिलांचा आक्षेप होताच. तरीही नकार निरर्थक नसतो. मूल परत येणार नाही ही भीती खरी असू शकते, कारण मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारात (एका पालकाने परदेशी नेलेले मूल परत पाठवण्याविषयीच्या) भारत सहभागी नाही. तुमच्या बाबतीत मुलगी शाळेबरोबर जाणार आणि आई इथेच राहणार, ही बाब अर्जात ठळकपणे यायला हवी.

धागाकर्ती :
आभारी आहे. सहलीच्या आठवड्यातला तिसरा शनिवार बुडणार आहे. त्याचे काय करावे?

सदाशिवपेठी :
त्याऐवजीचा दिवस तुम्हीच आधी लेखी सुचवा, आणि सहलीत रोज एक व्हिडिओ कॉल देऊ असेही लिहा. शाळेचे पत्र, परतीचे तिकीट आणि सोबतच्या शिक्षकांची नावेही अर्जाला जोडा.

वकिली_निवृत्त :
आणि पासपोर्ट हाती आल्यावर सहलीव्यतिरिक्त तो न्यायालयात जमा ठेवण्याची तयारी स्वतःहून दाखवा. वडिलांच्या हरकतीतला सर्वांत जड मुद्दा त्याने बराच हलका होतो.