कार्डावर ‘एलएससीएस’ लिहिलंय, दुसऱ्या वेळी नॉर्मल होईल का? (इंदूर)

नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे.

वहिनीला पुन्हा दिवस गेलेत. पहिलं बाळंतपण तिच्या माहेरी, बडोद्याला झालं. बाळ पायाळू होतं म्हणून सिझर करावं लागलं. डिस्चार्ज कार्डावर ‘एलएससीएस, ब्रीच’ एवढंच आहे. ब्रीच म्हणजे पायाळू हे कळलं, पण एलएससीएस म्हणजे साधं सिझरच की आणखी काही?

आत्याचं म्हणणं, एकदा सिझर म्हणजे दरवेळी सिझर. आई म्हणते, पोटावरचा व्रण आडवा आहे, काळजी नको. इथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, जुने कागद आणा, मग बोलू. कार्ड पुरेल का? दोन बाळंतपणांत जवळजवळ तीन वर्षांचं अंतर पडेल.

(मुहूर्त काढून सिझर करा म्हणणाऱ्यांना आधीच कोपरापासून नमस्कार.)

प्रतिसाद १
ताई, एलएससीएस म्हणजे लोअर सेगमेंट सिझेरियन सेक्शन. गर्भाशयाच्या खालच्या, पातळ भागावर चीर देतात, बहुधा आडवी. हल्ली बहुतेक सिझर असेच होतात. ‘क्लासिकल’ प्रकारात वरच्या जाड भागावर उभी चीर असते. पुढच्या वेळी कळांच्या जोराने ती उसवायचा धोका बराच जास्त, म्हणून त्या बायकांना नॉर्मलचा प्रयत्न करू देत नाहीत. आईंना सांगा, बाहेरचा व्रण आडवा असला म्हणून आतली चीरही आडवीच असेल असं नाही. ते ऑपरेशन नोटमध्येच कळतं. कार्डावर भागवू नका, नोट मागवा. आणि लवकर मागवा, कारण नियमाने डॉक्टरांना नोंदी तीनच वर्षं जपाव्या लागतात. मागितल्यावर मात्र ७२ तासांत द्याव्या लागतात.

आधी एकच आडवी चीर असेल तर ती कळांमध्ये उसवण्याचं प्रमाण साधारण २०० त एक. प्रयत्न करणाऱ्या १०० जणींपैकी ६० ते ८० जणींचं नॉर्मल होतं. बाळ पुन्हा पायाळूच असेल असंही नाही, ही वहिनीच्या बाजूची गोष्ट. पण हा प्रयत्न छोट्या नर्सिंग होममध्ये नको. रात्री-अपरात्री ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त हाताशी असेल तिथेच. सोनोग्राफीत वार (प्लासेंटा) जुन्या व्रणावर तर नाही ना, तेही विचारा.

प्रतिसाद २ (धागाकर्ती)
खूप आभार. वहिनीचा भाऊ बडोद्यालाच आहे. नोट त्याच्या हाती देतील, की वहिनीच्या सहीचा अर्ज लागेल?