मदत हवी आहे: बोअरच्या जागेसाठी रेझिस्टिव्हिटी मीटर बनवतोय, १ मिलिव्होल्टचा सिग्नल ५० हर्ट्झमध्ये बुडतोय

मंडळी, नमस्कार. खानापूर तालुक्यातून लिहितोय. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालाय, पंपाचे स्टार्टर आणि पॅनेल दुरुस्त करतो. आमच्याकडं उन्हाळा लागला की बोअरच्या गाड्या गावोगाव फिरायला लागतात. पाणी लागलं तर ठीक, नाहीतर कोरडा बोअर आणि डोक्यावर कर्ज. पाणाड्यावर ज्याचा विश्वास आहे त्याला मी काही बोलत नाही. पण गाडी बोलवायच्या आधी जमिनीचा रोध मोजून बघता आला, तर शेतकऱ्याच्या हातात काहीतरी आकडा असेल. म्हणून हे यंत्र मला मनापासून पुरं करायचं आहे.

पद्धत श्लुंबर्जरची. बाहेरच्या दोन खुंट्यांतून जमिनीत करंट सोडायचा, आतल्या दोन खुंट्यांवर व्होल्टेज मोजायचं. १२ व्होल्टच्या बॅटरीवरून इन्व्हर्टरनं ३०० व्होल्टच्या आसपास बनवतो आणि रिलेनं दर ४ सेकंदांनी करंटची दिशा उलटवतो. बाहेरच्या खुंट्या मध्यापासून १५० मीटर, आतल्या १० मीटर धरल्या, जमीन ५० ओम-मीटरची आणि करंट १०० मिलिअँपिअर असेल, तर हिशेबानं आत फक्त १.४ मिलिव्होल्ट मिळतात.

ॲम्प्लिफायरला आयएनए१२८ वापरलाय, गेन (सिग्नल किती पट वाढवायचा तो आकडा) ५००, दोन ९ व्होल्टच्या बॅटऱ्या, पुढं एडीएस१२५६ हा २४ बिटांचा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा डिजिटल आकडा करणारी चिप. जांबोटीकडच्या माळावर, जिथं जवळपास लाइन नाही, तिथं रीडिंग सुंदर येतं. उसाच्या रानात ११ केव्हीच्या लाइनजवळ आलो की आतल्या खुंट्यांवरच ४० मिलिव्होल्टपर्यंत ५० हर्ट्झचा हम, म्हणजे लाइनच्या विजेचा गोंगाट, दिसतो. थ्री फेज आली आणि आजूबाजूच्या मोटारी सुरू झाल्या की आउटपुट एका टोकाला चिकटून बसतं. शंभर रीडिंगची सरासरी काढली तरी दर वेळी वेगळाच आकडा.

डेटाशीटमध्ये एलटी१०२८ या दुसऱ्या ॲम्प्लिफायर चिपचा स्वतःचा नॉइज ०.८५ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ दिलाय, आयएनए१२८ चा ८. एलटी१०२८ वापरून इनपुटची पहिली स्टेज स्वतः बांधली तर फरक पडेल का? की गेनची वाटणीच बदलावी लागेल? शिवाय लोखंडी खुंट्यांचं व्होल्टेज करंट बंद असतानाही हळूहळू सरकत राहतं, त्याचं काय करायचं? या कामात हात बसलेल्या कुणी सांगितलं तर फार उपकार होतील.

प्रतिसाद, निपाणीहून

दादा, काम चांगलं घेतलंय. चिप बदलू नका, तुमची अडचण चिपच्या नॉइजची नाहीच. ४० मिलिव्होल्टला ५०० नं गुणा, २० व्होल्ट होतात. तुमची सप्लाय अधिक-उणे ९. म्हणजे लाट वरखाली कापली जातेय, आणि खुंट्यांचा ऑफसेट (करंट नसतानाही असणारं व्होल्टेज) असल्यामुळं दोन्ही बाजूंनी सारखी कापली जात नाही. कापलेल्या लाटेची सरासरी कितीही वेळा काढा, खरा आकडा त्यातून परत येत नाही.

एलटी१०२८ इथं उलट महागात पडेल. त्याचा व्होल्टेज नॉइज कमी आहे हे खरं, पण १० हर्ट्झला करंट नॉइज ४.७ पिकोअँपिअर आहे. कोरड्या जांभ्यात खुंटीचा संपर्करोध सहज २० किलोओम निघतो. गुणाकार केलात तर ९४ नॅनोव्होल्ट. आयएनए१२८ चा तोच हिशेब १८ नॅनोव्होल्ट येतो, आणि २० किलोओमच्या रोधाचा स्वतःचा थर्मल नॉइजही तेवढाच आहे. सोर्सचा रोध मोठा असला की करंट नॉइज आधी बघायचा. तसंही १.४ मिलिव्होल्टपुढं हे सगळे आकडे किरकोळ आहेत.

गेन १० वर आणा. ॲम्प्लिफायरच्या आधी फिल्टर म्हणून दोन्ही इनपुटांत १०-१० किलोओम, दोन इनपुटांच्या मध्ये १ मायक्रोफॅरड, आणि प्रत्येक इनपुटापासून ग्राउंडला ४७ नॅनोफॅरड. मधला कपॅसिटर बाजूच्यांपेक्षा दहापट तरी मोठा हवाच, नाहीतर बाजूच्या दोघांतल्या फरकामुळं कॉमन मोडचा (दोन्ही वायरींवर सारखा असलेला) हम डिफरन्शियल, म्हणजे दोघींतला फरक, होऊन आत शिरतो. फिल्म कपॅसिटर घ्या. कटऑफ, म्हणजे जिच्या वरचं फिल्टर दाबतो ती फ्रिक्वेन्सी, ८ हर्ट्झच्या जवळ येतो आणि ५० हर्ट्झ साधारण सहापट कमी होतो. इन्व्हर्टरचे स्पाइकही इथंच अडतात. उरलेला हम २० मिलिसेकंदांच्या पूर्ण पटीत सरासरी घेतली की जातो. एडीसी २४ बिटांचा आहे, त्याला १४ मिलिव्होल्ट भरपूर झाले.

आणि मधोमध तिसरी खुंटी ठोकून ती सर्किटच्या ग्राउंडला जोडा. चिपच्या इनपुटांतून वाहणाऱ्या बारीक बायस करंटला परतीची वाट मिळाली नाही तर इनपुट तरंगत राहतात.

प्रतिसाद, बेळगावहून

खुंट्यांबद्दल सांगतो. बाहेरच्या लोखंडी चालतील, आतल्या नकोत. तिथं झिलई नसलेली भाजक्या मातीची छोटी बोळकी वापरा, आत मोरचुदाचं संपृक्त पाणी आणि तांब्याची जाड तार. तुम्ही खानापूरचे, कुंभारकामासाठी तुमचं गाव प्रसिद्ध आहे, हव्या त्या मापाची बोळकी जवळच करून मिळतील. व्होल्टेजचं सरकणं खूप कमी होईल. उरलेलं करंट उलटवल्यावर वजाबाकीत जातं. आतल्या वायरी करंटच्या वायरीपासून लांब आणि जमिनीला टेकलेल्या ठेवा. वाऱ्यानं हलल्या तर त्यांच्यातही व्होल्टेज तयार होतं.

एक कळकळीनं सांगतो, ३०० व्होल्ट ही जीव घेणारी गोष्ट आहे. बाहेरच्या दोन्ही खुंट्यांजवळ माणूस उभा करा. रानात गुरं असतात, पोरं धावत येतात. हात उचलून खूण मिळाल्याशिवाय स्विच दाबू नका.

धागाकर्ता

दोघांचेही आभार. गेन कमी करायचं सुचलंच नसतं, सिग्नल लहान म्हणून वाढवतच होतो. बोळक्यांचं कुंभाराला आजच सांगतो. एकच विचारायचं राहिलं: रिले उलटल्यावर रीडिंग लगेच घ्यायचं की थांबून? आणि रानात नेण्याआधी घरी तपासायची काही सोय आहे का?

प्रतिसाद, निपाणीहून

पहिला १ सेकंद सोडून द्या. फिल्टर स्थिर व्हायला तेवढा लागत नाही, पण जमीनही थोडी चार्ज धरते. उरलेल्या ३ सेकंदांत ५० हर्ट्झच्या १५० लाटा पूर्ण बसतात, त्यांची सरासरी घ्या. असे १६ फेरे घेतलेत तर विस्कळीत नॉइज चौपट कमी होईल.

घरी तपासायला एक साधा सेल घ्या आणि त्याचं व्होल्टेज रोधांनी हजारात विभागा, १.५ मिलिव्होल्टच्या आसपास मिळेल. दोन्ही वायरींत २०-२० किलोओम घाला, कोरड्या जांभ्याची नक्कल होते. मग शेजारी मोटार चालू करून बघा. आकडा हलला नाही तरच रानात न्या. हलला तर सर्किटचा फोटो इथं टाका.