अनुभव धागा: पहिलं रिव्हॉल्व्हर कसं निवडलंत?

भाच्याला परवाना मिळालाय आणि साहेब रोज रात्री अमेरिकन लोकांचे व्हिडिओ बघत बसतात. ३५७ मॅग्नम काय, ४४ मॅग्नम काय! त्याला म्हटलं, बाबा रे, तुझ्या परवान्यावर एन.पी.बी. (निषिद्ध नसलेला बोअर, म्हणजे नळीचा व्यास) लिहिलंय ते आधी वाच. ३८, ४५५ आणि ९ मिमी आपल्याकडे निषिद्ध बोअर. व्यवहारात राहिलं ३२, आणि हौस असेल तर २२. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून सर्वसाधारण परवानाधारकाला आयातही बंद. त्यामुळे दुकानात काय दिसणार, तर कानपूरच्या सरकारी कारखान्याचं ३२, त्याचीच भावंडं निर्भीक (२०१४) आणि प्रबळ (२०२३), हरदोईजवळ संडिल्याला बनणारं वेब्ली अँड स्कॉट, नाहीतर कोणाच्या तरी आजोबांचं विलायती.

निवड एवढीशी, तरी माणसं चुकीचं घेतात आणि मग ते कपाटात पडून राहतं. ज्यांनी घेतलंय, वापरलंय, विकलंय किंवा घ्यायचं टाळलंय, त्यांनी लिहा. कंपन्यांची माहितीपत्रकं नकोत, ती भाच्याला पाठ आहेत.

पंपवाला
पेट्रोल पंपाची रोकड बँकेत नेतो, म्हणून घेतलं. कानपूरचं ३२, मार्क थ्री. दुकानात सगळे मूठ, पॉलिश, खोका बघतात. चाप बघा. घोडा मागे ओढून चाप दाबला तर तो अलगद सुटतो. घोडा न ओढता नुसता चाप ओढला तर घोडा उचलणं, काडतुसांची फिरकी फिरवणं, सगळं त्या एका बोटाने करायचं असतं. नवख्याचं बोट मध्येच अडतं, मग तो जोर लावतो आणि नळीचं तोंड खाली जातं. वेळ आली तर घोडा ओढत बसायला कोणाला सुचणार आहे? तेव्हा दुकानदाराला रिकामं उघडून दाखवायला सांगा, स्वतः काडतुसांची सहाही घरं बघा, आणि त्याची परवानगी घेऊन नळीचं तोंड भिंतीकडे करून नुसत्या चापाने ओढून बघा. एकाच मॉडेलच्या दोन नगांत फरक लागतो. मी तीन नग मागवून घेतले. दुकानदार वैतागला, वैतागू दे.

डोंबिवलीची डॉक्टर
निर्भीक आलं तेव्हा ‘महिलांसाठी’ म्हणून केवढा गाजावाजा. टायटॅनियम मिश्रधातू, वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या घरात. रात्री उशिरा दवाखाना बंद करून निघते, म्हणून बघायला गेले होते. शेजारी नेहमीचं पाऊण किलोच्या आसपासचं ठेवलं होतं आणि माझ्या हातात तेच जास्त स्थिर राहिलं. हलकं हत्यार बाळगायला सोपं, पण गोळी सुटल्यावरचा झटका हलक्यातच जास्त लागतो. मी जड घेतलं. आणि ते पर्समध्ये ठेवा असं सांगणाऱ्याला माझा एकच प्रश्न: चोर पहिल्यांदा काय ओढतो?

निवृत्त सुभेदार, सातारा
डॉक्टरबाईंशी सहमत. नोकरीत ईशापूरची ९ मिमी पिस्तूल हाताळली. निवृत्त झाल्यावर कळलं की ती आपल्याला घरी चालत नाही. मग ३२ रिव्हॉल्व्हर. पिस्तुलात बार फुसका गेला तर स्लाइड ओढा, काडतूस काढा, पुढचं भरा. रिव्हॉल्व्हरला पुन्हा चाप ओढला की पुढचं घर समोर येतं. नवख्याला हेच बरं. मात्र नेमबाजीच्या रेंजवर फुसका गेला तर लगेच उघडायचं नाही. नळी निशाणाकडेच धरून अर्धा मिनिट थांबायचं, बार उशिराही पेटतो. पोरं पटकन आत डोकावून बघतात, तिथं माझा आवाज चढतो.

प्रबळच्या जाहिरातीत ५० मीटरचा पल्ला लिहितात. तुमच्या घरात ५० मीटरची खोली आहे का? त्याची खरी चांगली गोष्ट वेगळी आहे. फिरकी बाजूला उघडते, बाकीच्यांसारखी नळी खाली वाकवून उघडावं लागत नाही.

करवीरवासी
आमच्याकडे आजोबांचं वेब्ली. वारसाने परवाना होईपर्यंत ते अधिकृत विक्रेत्याकडे जमा होतं. लोक विलायती म्हणून डोळे झाकून काही लाख मोजतात, म्हणून सांगतो. उघडून मागच्या बाजूला पांढरा कागद धरा आणि पुढून नळीत बघा. आतले आटे (पीळदार खाचा) स्वच्छ चमकले पाहिजेत; काळे खड्डे दिसले तर गंज आत गेलाय. मग बंद करून वरची कडी दाबलेली नसताना नळी हलते का बघा. घोडा पूर्ण ओढून फिरकी बोटांनी हलवा. किंचित हलली तर चालेल, खुळखुळली तर नको. आमचं तिसऱ्या परीक्षेत नापास झालं. परवानाधारक कारागिराने सांगितलं, शोभेला ठेवा. आणि जुन्यात घोड्याखालचं घर रिकामं ठेवायचं, म्हणजे पाचच काडतुसं.

आळेफाटा
बिबट्यामुळे अर्ज केला होता. रात्रपाळीची वीज, उसाला पाणी द्यायला जायचं, मनात भीती. वनखात्याच्या माणसाने शांतपणे विचारलं, अंधारात, एका हातात बॅटरी, बिबट्या पाच फुटांवर, तुम्ही ३२ने काय करणार? जखमी केला तर पंचाईत, मारला तर वन्यजीव कायद्याच्या अनुसूची एकमधला प्राणी, मग तुरुंग. अर्ज मागे घेतला. आता दोघं मिळून जातो, मोबाइलवर गाणी मोठ्याने लावून. शेजाऱ्याला वाईट वाटतं ते गाण्यांच्या निवडीचं.

कोकणातल्या ठासणीच्या बंदुकीचं, शेतीसंरक्षणाच्या परवान्याचं प्रकरण वेगळं. त्यात मला गती नाही.

एडिसनकर
न्यू जर्सीहून. इथे ३८ स्पेशल आणि ३५७ सर्रास, म्हणून भाच्याला हेवा वाटेल, पण इथेही प्रत्येक हँडगनसाठी पोलिसांकडून खरेदीचं परमिट काढावं लागतं. एच-वन-बीवाल्यांनी तर मोजके अपवाद सोडले तर नादच करू नये, संघीय कायद्याने मनाई आहे. मी ग्रीन कार्ड झाल्यावर घेतलं. इथली एक सोय मात्र खरी: रेंजवर भाड्याने घेऊन बघता येतं. रुगर एलसीआर, चारशे ग्रॅमच्या आत, खिशात मावणारं. त्यात ३८ झाडल्यावर तळहात झिणझिणला. चार इंची जीपी-१००, किलोच्या वर वजन, त्याच गोळ्या, आणि वाटलं की काही झालंच नाही. दुसरं घेतलं. डॉक्टर म्हणतात ते इथेही खरं.

दोघांची आई
हत्यार नवऱ्याचं, अटी माझ्या. तिजोरी भिंतीत बोल्टने ठोकलेली. काडतुसं वेगळ्या कुलुपात. चावी देवघरात, डब्यात, वर्तमानपत्राखाली नाही. मुलांना या सगळ्या जागा आपल्याआधी माहीत असतात. दोन वर्षांपूर्वी घरात फार वाईट काळ होता, नवऱ्याची झोप उडाली होती. तेव्हा त्यानेच रीतसर विक्रेत्याकडे जमा करून पावती घेतली. वर्षभराने परत आणलं. कोणी विचारलं तर सांगतो, सर्व्हिसिंगला होतं. परवाना असलेल्या प्रत्येकाला ही सोय माहीत असावी, म्हणून लिहिलं.

वरळी रेंज
कोणतंही घ्या, पण आधी रेंजवर जा. २५ मीटरच्या सेंटर फायर प्रकारात ३२चीही काडतुसं चालतात, शिकवणारे भेटतात. काडतुसांसाठी कानपूरला बघायला नको, खडकीची आहेत, बुडावर के.एफ. असतं. परवान्यावर जेवढी लिहिली तेवढीच मिळतात, म्हणून सराव जपून होतो. हिरवी पडलेली जुनी काडतुसं सरावालाही वापरू नका.

मुंबईचा दमट
चामड्याच्या होल्स्टरमध्ये घालून कपाटात ठेवू नका. चामडं घाम आणि ओल धरतं, पावसाळ्यानंतर नळीवर तांबूस डाग. पुसायचं, तेलाचा हलका हात द्यायचा, सुती कापडात ठेवायचं.

पंपवाला
अजून एक राहिलं. निवडणुकीच्या आचारसंहितेत हत्यार पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस येते. २०२४ला आधी लोकसभा, मग विधानसभा, असं दोनदा झालं. पावतीवर क्रमांक आणि बोअर नीट लिहून घ्या, आणि जमा करण्याआधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. माझ्या ओळखीतल्या एकाचं परत आलं ते मुठीला चीर पडून.

भाचा (मामाच्या खात्यावरून)
सगळं वाचलं. लग्नात हवेत बार काढला तर?

निवृत्त सुभेदार, सातारा
शस्त्र कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मामा, याला अजून सहा महिने हत्यार दाखवू नका.